लाल बुधली

गाडीच्या डॅशबोर्डवर लांब चोचीच्या बुधलीचं एक लाल चित्र असतं. किल्ली फिरवली की ते पेटतं आणि इंजिन चालू झालं की एक-दोन सेकंदांत विझतं. वर्षानुवर्षं ते असंच पेटत-विझत असल्यामुळे आपलं त्याच्याकडे लक्ष जाईनासं होतं. मग एखाद्या संध्याकाळी पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनमधून निघून वाकडच्या पुलाकडे सरकताना, पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट आणि डावीकडून घुसणाऱ्या दुचाकी सांभाळताना, ती बुधली मध्येच लुकलुकते. गाडी जराशी पळाली की विझते, थांबली की पुन्हा उजळते. बहुतेक जण मनाशी म्हणतात, ऑइल थोडं कमी झालेलं दिसतंय, शनिवारी गॅरेजला दाखवू.

हा समज लोकांच्या मनात इतका घट्ट बसला आहे, की त्यापायी चांगली इंजिनं भंगारात जातात. लाल बुधलीला इंजिनात ऑइल किती आहे ते कळतच नाही. तिला फक्त ऑइलचा दाब कळतो, आणि तोही जवळजवळ संपल्यावर.

इंजिनच्या ब्लॉकवर, बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास, अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग, एवढंच. पडद्याच्या एका बाजूला इंजिनातलं ऑइल येतं. दाब नसेल तेव्हा स्प्रिंगच्या जोरावर सर्किट जोडलेलं राहतं आणि दिवा पेटतो. ऑइलचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या वर गेला की पडदा सरकतो, सर्किट तुटतं, दिवा विझतो. आता दुसऱ्या बाजूचा आकडा पाहा. तापलेलं, धडधाकट इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर चालत असेल, तर त्यातला ऑइलचा दाब साधारणपणे तीन-चार बार असतो. गाडीगणिक हे आकडे बदलतात, पण प्रमाण लक्षात घ्या. नेहमीच्या दाबाचा जेमतेम दहावा हिस्सा उरेपर्यंत दिवा गप्प असतो. दाब निम्म्यावर आला, पाव झाला, तरी डॅशबोर्डवर काही दिसत नाही.

काही गाड्यांमध्ये ऑइलची पातळी मोजणारा वेगळा सेन्सर असतो आणि त्याचा पिवळा दिवा असतो. त्यात बुधलीच्या खाली नागमोडी रेघ काढलेली दिसते. पिवळा दिवा सवड देतो. येत्या पेट्रोल पंपावर थांबून ऑइल तपासलं तरी चालतं. पण आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत हा सेन्सर नसतो. तिथे पिवळी सूचना आधी आणि लाल सूचना नंतर, असा क्रम नाहीच. जी येते ती थेट लाल.

दाबाचं इतकं महत्त्व का, हे समजण्यासाठी १८८३ सालात जावं लागेल. बीचम टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडायला त्याने एक भोक पाडलं होतं. आस फिरू लागला तसं त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून वर येऊ लागलं. त्याने बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे दाबमापक बसवला तेव्हा काटा चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. तेल तिथे कोणी पंपाने भरत नव्हतं. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून आपल्या आणि बेअरिंगच्या मधल्या अरुंद फटीत कोंबत होता, आणि त्या कोंबलेल्या तेलावर अख्खा भार तोलला जात होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी या घटनेचं गणित मांडलं. आज मोटारीच्या इंजिनातली अशी बेअरिंग त्याच गणिताच्या पायावर आखली जातात.

याचा अर्थ असा, की निरोगी इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याचं बेअरिंग एकमेकांना शिवतच नाहीत. दोहोंमध्ये काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा थर असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. पावसात भरधाव गाडीचे टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागतात, त्याच नियमाने क्रँक तेलावर तरंगत असतो. रस्त्यावर ते संकट असतं, इंजिनात मात्र सगळं आयुष्य त्यावरच चालतं. पिस्टनवर स्फोटाचा रट्टा बसतो तेव्हा या थरातला दाब क्षणभर शेकडो बारपर्यंत चढतो. थरातलं तेल मात्र बेअरिंगच्या कडांनी सतत बाहेर निसटत असतं. निसटलेल्या तेलाची जागा त्याच क्षणी भरून काढायची, हे ऑइल पंपाचं काम. त्याचा तीन-चार बारचा दाब हा केवळ पुरवठ्याचा दाब आहे. तो तुटला की थर किती टिकणार, याचं उत्तर मिनिटांत देता येत नाही, सेकंदांत द्यावं लागतं. द्रुतगती मार्गावर ताशी शंभरने जाताना इंजिन मिनिटाला सुमारे अडीच हजार फेरे घेत असेल, तर दहा सेकंदांत चारशेहून अधिक फेरे होतात. यातला प्रत्येक फेरा कोरडा जाऊ शकतो.

पहिला आवाज बहुधा वरून येतो. पंप खाली असतो आणि कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, म्हणून दाब घटला की तिथे तेल उशिरा आणि कमी पोचतं. टॅपेट वाजू लागतात, टायमिंग चेनचा ताण सैल पडून ती खुळखुळते. टर्बो असेल तर त्याची अवस्था आणखी नाजूक, कारण त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेत केवळ तेलावर तरंगत असतो. यानंतर पाळी कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. या बेअरिंगचा अस्तर-धातू मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, पुष्कळदा ॲल्युमिनियम आणि कथिलाचा. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. कोरड्या घर्षणात तेवढी उष्णता निर्माण व्हायला वेळ लागत नाही. अस्तर पुसलं जातं, फट वाढते, वाढलेल्या फटीतून तेल आणखी वेगाने निसटतं, दाब आणखी पडतो. आता जो आवाज येतो तो टकटकीचा नसतो, खोलवरून येणारा ठोका असतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढतो. अनुभवी मिस्त्री हा ठोका बॉनेट न उघडता ओळखतो. त्यापुढे बेअरिंगची पाकळी आपली जागा सोडून क्रँकबरोबर फिरू लागते आणि तेलाचं भोकच बंद करते. मग इंजिन जाम होतं किंवा रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

अस्तराचे जे कण सुटतात, ते तेलातून बाकीच्या इंजिनात फिरतात, हेही ध्यानात घ्यावं. इतके बारीक कण काय करू शकतात, याचे दाखले मोठ्या कंपन्यांनीच दिले आहेत. २०१५ मध्ये ह्युंडाईने अमेरिकेत २०११ आणि २०१२ सालच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात क्रँक घडवताना निघालेला धातूचा कीस तेलाच्या वाटांमध्ये अडकून रॉड बेअरिंगचा पुरवठा तोडू शकतो, असं आढळलं होतं. २०२४ मध्ये टोयोटालाही यंत्रकामातल्या अशाच उरलेल्या किसामुळे अमेरिकेत एक लाखाहून अधिक टुंड्रा आणि लेक्सस गाड्या परत घ्याव्या लागल्या. उत्तम कारखान्यातलं इंजिनही तेलाची वाट अडली तर टिकत नाही.

तापलेल्या इंजिनात, सिग्नलला उभं असताना, बुधली लुकलुकते आणि गाडी हलताच विझते. हे असंच का होतं? पंप क्रँकवरच फिरतो, म्हणून इंजिनचे फेरे सर्वांत कमी असतात तेव्हा दाबही सर्वांत कमी असतो. त्यात तेल तापून पातळ झालेलं. पंप झिजला असेल, बेअरिंगच्या फटी वाढल्या असतील किंवा पातळी खाली गेली असेल, तर दुखणं सर्वांत आधी आयडलिंगला दिसतं. आणि आयडलिंगचा अभ्यास करायला हिंजवडीहून योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

एमआयडीसीने मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, माण, मारुंजीच्या जमिनींवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं केलं. कंपन्या आल्या, मग त्यांच्याभोवती सोसायट्या आल्या. महामार्गाकडे जाणारे रस्ते मात्र थोडेच राहिले. माण ते शिवाजीनगर या मेट्रोच्या कामाने मधली काही वर्षं त्याच रस्त्यांची रुंदी आणखी खाल्ली. फेज तीन ते वाकड हे आठेक किलोमीटरचं अंतर संध्याकाळी तासाभराचं होऊ शकतं. त्या तासात इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत राहिलं, तरी अठ्ठेचाळीस हजार फेरे होतात. ओडोमीटरवर चढतात फक्त आठ किलोमीटर.

सर्व्हिसिंगच्या वेळापत्रकाची गफलत इथेच आहे. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, हा हिशेब आपण पाठ केलेला असतो. पण ताशी सरासरी साठने चालणाऱ्या गाडीचे दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिनचे साधारण १६७ तास. ताशी सरासरी बाराने चालणाऱ्या गाडीचे तेवढेच किलोमीटर म्हणजे ८३३ तास. तेलाला किलोमीटर कळत नाहीत. ते तापण्याने, काजळीने आणि त्यात मिसळणाऱ्या इंधनाने जुनं होतं, आणि या सगळ्या गोष्टी तासांनी मोजायच्या असतात. गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल उघडून पाहा. बहुतेक मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं एक वेगळं पान असतं: सततचं थांबत-चालणं, धूळ, छोटी अंतरं, बराच वेळ आयडलिंग. अशा गाडीचं ऑइल लवकर बदला, असं तिथे लिहिलेलं असतं. हिंजवडीत रोज ये-जा करणारी गाडी या प्रत्येक निकषात बसते. माझं स्पष्ट मत असं, की इथल्या गाडीला दहा हजारांचा नियम लावूच नये. पाच-सहा हजारांवर किंवा सहा महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर बदलण्याचा खर्च नव्या क्रँकच्या तुलनेत किरकोळ आहे.

दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल कमी होतच नाही, हाही एक गैरसमज. थोडं तेल पिस्टन रिंगांपाशी जळतं, थोडं सीलमधून झिरपतं. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खर्च सामान्य मानलेला आहे. छोट्या पेट्रोल इंजिनात एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर बसतं. त्या वेगाने जळणारं ऑइल मध्ये भरलंच नाही, तर दहा हजार किलोमीटर होण्याच्या कितीतरी आधी इंजिन कोरडं पडेल. प्रत्यक्षात नव्या गाड्या इतकं ऑइल पीत नाहीत. पण आपली गाडी किती पिते, हे फक्त डिपस्टिक सांगू शकते.

हिंजवडीकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. थांबत-थांबत चालणाऱ्या, पुरत्या न तापणाऱ्या इंजिनात थोडं पेट्रोल आणि ज्वलनातून निघालेलं पाणी ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे आठवडाभर डिपस्टिकवरची पातळी खरी असते त्याहून बरी दिसते. शुक्रवारी संध्याकाळी हीच गाडी कोकणाच्या वाटेला लागते. लांबच्या पल्ल्यात ऑइल चांगलं तापतं, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं आणि खरी पातळी उघडी पडते. त्यात ताम्हिणी घाटाची वळणं आणि उतार. पातळी कमी असेल तर वळणावर ऑइल तळाच्या चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं आणि पंपाची जाळी हवा ओढते. वळणावर लाल दिवा चमकून गेला आणि सरळ रस्त्यावर विझला, तर याचा अर्थ हाच असण्याची शक्यता मोठी. लगेच सुरक्षित जागा बघून थांबायला हवं.

डिझेल गाडीचं दुखणं याच्या उलटही असू शकतं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर सक्तीसारखाच झाला. साठलेली काजळी जाळायला धुराड्यात सुमारे सहाशे अंश उष्णता लागते. ती मिळवण्यासाठी इंजिन ज्वलन झाल्यानंतर आणखी थोडं डिझेल सोडतं. महामार्गावर हे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. वाहतूक कोंडीत ते अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट राहतं, आणि प्रत्येक वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. मालक खूश होतो की गाडी ऑइल पीत नाही. प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेलं असतं आणि दाब घटत चाललेला असतो. डिझेलवाल्यांनी खालच्या खुणेइतकीच वरच्या खुणेवरही नजर ठेवावी. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर एकसारख्या वेगाने वीसेक मिनिटं चालवावी.

पावसाळ्याचं संकट निराळं. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, ड्रेनेजचं वर आलेलं झाकण दिसत नाही, आणि तळाचं चेंबर हे गाडीतल्या सर्वांत खालच्या भागांपैकी एक असतं. दगड लागून चेंबरला तडा गेला किंवा ड्रेन बोल्ट सैल झाला, तर काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर जातं. खालून जोराचा आवाज आला की थोडं पुढे सुरक्षित जागी थांबा, खाली वाकून बघा. इथे विम्याची एक अट ठाऊक असायला हवी. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीनुसार, अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. म्हणजे फुटलेल्या चेंबरचे पैसे मिळतील. फुटलेल्या चेंबरनिशी दोन किलोमीटर नेऊन जाम केलेल्या इंजिनचे मिळतील, अशी आशा धरू नये. इंजिनसाठी वेगळं जादा संरक्षण मिळतं, पण त्याच्याही अटी घेण्याआधी वाचाव्यात.

मग लाल बुधली पेटली तर करायचं काय? पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, धोक्याचे इंडिकेटर लावायचे, जवळच्या सुरक्षित कडेला गाडी घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. पुढच्या चौकापर्यंत, सोसायटीच्या गेटपर्यंत, गॅरेजपर्यंत जायचं नाही. पाच-दहा मिनिटं थांबून, गाडी सपाटीवर असेल तर डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून पातळी बघायची. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालायचं. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण लिटरभराचं असतं. वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. क्रँक ते तेल घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. गाडीखाली तेलाचं थारोळं नसेल, तर इंजिन सुरू करून पाहावं. दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर लगेच बंद करून टोइंग बोलवावं.

पातळी बरोबर असूनही दिवा पेटत असेल, तर नुसता स्विच खराब असण्याची शक्यता असतेच. पुष्कळ जण याच शक्यतेवर विसंबून गाडी पळवतात. स्विच खराब आहे की दाब, हे ओळखायचा खात्रीचा मार्ग सोपा आहे: स्विच काढून त्याच्या भोकात काट्याचा दाबमापक बसवायचा आणि आयडलिंगला व जास्त फेऱ्यांवर दाब वाचायचा. चांगलं गॅरेज हे काम थोड्या वेळात करतं. हे न करता नुसता नवा स्विच टाकून देणाऱ्या मिस्त्रीला, दाब मोजून दाखवा, असं जरूर सांगावं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत इंजिनची चाचणी होते तेव्हा ऑइलचा दाब आणि तापमान सतत नोंदलं जातं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, टाटा, कमिन्स, बजाज यांच्या या पट्ट्यात तर इंजिन जाणणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या ज्ञानाचा उपयोग इंजिन जाम होण्याआधी करून घ्यावा.

शेवटी एक विनंती हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांना. तुम्हाला घरी सोडणारी कॅब दिवसातून कित्येक फेऱ्या याच कोंडीत मारते, आणि तिच्या ड्रायव्हरला उशिराचा जाब द्यावा लागतो. लाल दिवा दिसूनही तो गाडी दामटतो, त्याचं कारण पुष्कळदा तुमच्या तक्रारीची भीती हे असतं. हप्त्यावर घेतलेल्या गाडीचं इंजिन गेलं तर त्याचं घर कित्येक महिने मागे पडतं. त्याने उजेडाची, वर्दळीची जागा बघून गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं, तर त्याच्यावर चिडू नका. तुम्ही स्वतः कंपनीच्या वाहतूक विभागाला फोन करा, दुसरी गाडी मागवा, आणि ड्रायव्हरने योग्य तेच केलं असं त्यांना सांगा.